वाढप्याला जाब विचारायचा नाही, तर कुणाला?

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, वार्षिक सभेचा महिना आला की नाशिकमध्ये एक वाद हमखास उकरला जातो. उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात चहाबरोबर तो सुरू होतो आणि रात्री अकरापर्यंत व्हॉट्सॲपच्या गटांत धुमसत राहतो. एक बाजू म्हणते, पाळक हा देवाचा अभिषिक्त. जीव घ्यायला उठलेल्या अभिषिक्त शौल राजावरही दावीदाने हात टाकला नाही, मग तुम्ही कोण लागून गेलात? दुसरी बाजू म्हणते, वर्गणी आम्ही भरतो, पगार आमच्या पैशातून होतो, तेव्हा कमिटी सांगेल तसं पाळकाने वागावं. गंमत अशी की दोन्हीकडच्या भाषणांत शब्द तेच असतात : सेवा, नेतृत्व, प्रेम. आपल्या बाजूचा पुढारी तो सेवक आणि समोरच्याचा तो सत्तालोभी, एवढाच काय तो फरक. मला हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा वाटतो. मंडळीत सत्ता कुणाची, हे ठरवण्यात सगळे इतके गुंतलेत की सेवा ओळखायची कशी, हे कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं : ज्याच्याकडे हिशेब मागता येतो तो सेवक. ज्याच्याकडे मागता येत नाही तो मालक, मग त्याने झगा घातलेला असो की कमिटीचा बिल्ला लावलेला असो. आणि हिशेब मागितल्याने प्रेमाला तडा जातो, हे तर मला अजिबात मान्य नाही.

मराठीत 'सेवा' या शब्दाने या बाबतीत मोठा गोंधळ घालून ठेवला आहे. तलाठी 'शासकीय सेवेत' असतो, त्याला 'सेवाज्येष्ठता' मिळते, तो 'सेवानिवृत्त' होतो. कायद्याच्या भाषेत तो 'लोकसेवक' असतो आणि तरीही सातबाऱ्यासाठी लोकच त्याच्या दारात उभे असतात. ही सेवा म्हणजे खुर्ची, अधिकार नि पेन्शन. दुसरी सेवा याच्या अगदी उलट. फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेत रांगा लावणारे, पाणी वाटणारे तरुण, किंवा दिंडोरीकडचे सेवेकरी घ्या. ते वेळ देतात तो राजीखुशीने. त्यांच्याकडे कुणी हिशेब मागत नाही, कारण त्यांच्या हातात द्यायला स्वतःच्या श्रमाशिवाय काही नसतं. मंडळीच्या पुढाऱ्याने दोन्हींतला सोयीचा भाग उचलला आहे. खुर्ची पहिल्या सेवेची घ्यायची आणि जाब विचारला की दुसऱ्या सेवेकडे बोट दाखवायचं : 'अहो, मी काय पगार घेतो का? देवाची सेवा करतो.' मानद खजिनदाराच्या तोंडी हे वाक्य फार शोभून दिसतं. त्याच्या हातात मात्र मंडळीचं चेकबुक असतं.

नव्या करारात आपण ज्याला 'सेवक' म्हणतो, तो मूळ ग्रीक शब्द 'दियाकोनोस'. त्यावरूनच 'डीकन' आला. त्याचा रोजच्या वापरातला एक अर्थ आहे जेवायला वाढणारा. आपल्याकडचा वाढप्या. लूकच्या शुभवर्तमानाच्या २२ व्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या पंगतीतच शिष्यांचं 'मोठा कोण' यावरून जुंपलं, तेव्हा येशूने हाच प्रश्न टाकला : बसलेला मोठा की वाढणारा? आणि मी तुमच्यात वाढणाऱ्यासारखा आहे, असं तो म्हणाला. आता वाढप्याची कसोटी काय असते, हे महाराष्ट्रात कुणाला शिकवायला नको. तो किती नम्र दिसतो, वाकून वाढतो की ताठ उभं राहून, याने काही ठरत नाही. शेवटच्या पानापर्यंत भात पोचला का? पहिल्या रांगेत तूप दोनदा आणि मागच्या रांगेत वरणाचं पाणी, असं तर झालं नाही ना? त्याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. मागच्या रांगेतल्या माणसाने 'इकडे वाढा' म्हटलं, तर वाढप्या त्याला 'माझ्या समर्पणावर शंका घेतोस?' असं विचारत नाही. तो भाताचं पातेलं घेऊन येतो.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६. पहिल्या मंडळीतलं पहिलं नोंदलेलं अंतर्गत भांडण नेमकं पंक्तिप्रपंचाचंच आहे. रोजच्या वाटपात इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळतं आणि ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा सुटतात, अशी कुरकुर झाली. बारा प्रेषितांनी पुढे काय केलं, ते पायरी पायरीने पाहण्यासारखं आहे. तक्रार करणाऱ्यांना त्यांनी गटबाज म्हटलं नाही. तक्रार खरी की खोटी याची चौकशी स्वतःच करून स्वतःलाच निर्दोष ठरवलं नाही. सगळ्या समुदायाला बोलावलं आणि सात माणसं तुम्हीच निवडा, असं सांगितलं. कसोट्या मात्र स्वतः घालून दिल्या : लोकांत नाव चांगलं हवं, आत्म्याने भरलेली हवीत, शहाणपण हवं. मग निवडलेल्यांवर हात ठेवून वाटपाचं काम त्यांच्याकडे सोपवलं आणि वचन नि प्रार्थना आपल्याकडे ठेवली. त्या सात जणांची नावं वाचा : स्तेफन, फिलिप्प, तीमोन... सातही ग्रीक. एक तर अंत्युखियाचा, यहुदी धर्मात नव्याने आलेला. म्हणजे ज्यांची तक्रार होती, भांडार त्यांच्याच माणसांच्या हाती गेलं! आपल्याकडे कुठल्या कमिटीने विरोधी गटाला खजिनदारपद देऊन पाहिलं आहे? 'मूळ नगरकडचे', 'मूळ नाशिकचे', अमक्या मिशनचे आणि तमक्या मिशनचे, असे आपले ग्रीक नि इब्री अजून शाबूत आहेत. ज्याची कुरकुर मोठी, त्याला सभेत बोलू न देण्याची खबरदारी मात्र दर वर्षी घेतली जाते.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. मंडळी ही ग्रामपंचायत नाही. सत्य बहुमताने ठरत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. सीनाय डोंगराच्या पायथ्याशी मत घेतलं असतं तर मोशे पडला असता. अहरोनाने लोकमत मानलं, लोकांच्याच कानांतली सोन्याची कुंडलं जमा केली आणि त्यातून पूजेचं सोन्याचं वासरू निघालं. शिवाय मंडळीच्या निवडणुका कशा होतात हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं, तर लोकशाहीचं कौतुक करायची फारशी उमेद राहत नाही. वर्षभर ज्यांनी चर्चचं तोंड पाहिलं नाही, त्यांची थकलेली वर्गणी सभेच्या आठवडाभर आधी एकगठ्ठा भरून मतदार उभे केले जातात. पॅनेल छापली जातात. मामा-भाचे समोरासमोर येतात आणि पुढची दोन वर्षं एकमेकांच्या घरच्या मयताला जात नाहीत. हे सगळं खरं. पण पाळकाचा उपदेश मताला टाका, बाप्तिस्मा कुणाला द्यायचा हे हात वर करून ठरवा, असं म्हणतंय कोण? मागणी पैशाच्या, जमिनीच्या आणि नेमणुकांच्या हिशेबाची आहे. हिशेब मागणं आणि मत देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच आहेत असं भासवण्यातच पहिल्या बाजूचा सगळा डाव आहे.

हे पटत नसेल तर कॅथलिक चर्चकडे पाहा. मतदानाला तिथे सगळ्यात कमी जागा. १९८३ च्या कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या धर्मकायद्याच्या, संहितेत धर्मग्राम (पॅरिश) परिषदेला फक्त सल्ला देण्याचा अधिकार आहे (कलम ५३६), अध्यक्ष धर्मगुरूच. इथवर वाचून आपल्याकडचे अधिकारवादी खूश होतील. पण लगेच पुढचं कलम ५३७ सांगतं की प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. तिथे धर्मगुरूच्या मर्जीचा प्रश्न ठेवलेला नाही. आणि कलम १२८७ चा दुसरा भाग म्हणतो की श्रद्धावंतांनी जे दान दिलं त्याचा हिशेब, स्थानिक नियम ठरवतील त्या रीतीने, श्रद्धावंतांना द्यावा. ज्या चर्चमध्ये बिशप रोमहून नेमला जातो, तिथेही दान देणाऱ्या म्हातारीला हिशेब द्यायचं कलम आहे. मग १९७० साली नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन जी उत्तर भारतीय मंडळी झाली, जिच्यात स्थानिक पास्टरेट कमिटीपासून सर्वोच्च सभेपर्यंत, म्हणजे सिनॉडपर्यंत, निवडून जायची रीत आहे, तिच्या आवारात 'अभिषिक्ताला विचारू नका' हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? आणि उलटून दुसऱ्या बाजूला सांगायचं, तर नुसत्या निवडणुकीने हिशेब मिळतो हाही भ्रमच. निवडून आलेली कमिटी वार्षिक सभेत ताळेबंद चार मिनिटांत 'वाचला असं गृहीत धरून' मंजूर करून घेते, हे काही गुपित नाही.

दुसरा आक्षेप हळवा आहे आणि म्हणूनच जास्त चालतो. 'प्रेम अपकार स्मरत नाही', १ करिंथ १३, म्हणजे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय. जिथे प्रेम आहे तिथे वह्या कशाला? भाऊ भावाकडे पावती मागतो का? यातलाही खरा भाग आधी मान्य करतो. संशय हा मंडळीला लागलेला क्षय आहे. काही माणसं हिशेबाच्या नावाखाली जुने हेवेदावे काढतात. तीनशे रुपयांच्या फुलांवरून पाळकाच्या बायकोला रडवतात. पण ते वचन अपकारांची वही ठेवू नका म्हणतं, रुपयांची नव्हे. हेच पत्र लिहिणारा पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत होता. त्याच पत्राच्या १६ व्या अध्यायात तो म्हणतो, तुम्ही ज्यांना पसंत कराल त्यांच्या हाती मी ती पाठवीन. दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात तर कारणही देतो : एवढ्या मोठ्या रकमेच्या कामात कुणी आम्हाला दोष देऊ नये, आणि जे चांगलं ते प्रभूच्याच नव्हे, माणसांच्याही दृष्टीने चांगलं असावं. पौलाला स्वतःच्या सचोटीवर शंका होती का? मुळीच नाही. आपली सचोटी दुसऱ्याला दिसेल अशी मांडणं, हेच दुसऱ्यावरचं प्रेम आहे, एवढं त्याला कळत होतं.

आणि यासाठी करिंथपर्यंत तरी कशाला जायचं? शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की ते नाव चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीचं आहे? गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे ठेवली, त्यांना लिहा-वाचायला आणि सुतारकी-लोहारकी शिकवली. आफ्रिकेचा शोध घेणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने १८६६ च्या आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी यातली नऊ मुलं नेली. १८७२ मध्ये त्याच्या मदतीसाठी जी तुकडी गेली, तिच्यातही नाशिकच्या शाळेतले तरुण होते. त्यांपैकी एक जेकब वेनराइट. १८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला आजच्या झांबियातल्या एका गावात लिव्हिंग्स्टन वारला. आता विचार करा : मालक गेला, पगार देणारा गेला, किनारा महिनोन्‌महिने दूर, पेट्यांत काय आहे ते सांगणारा गोरा माणूस एकही नाही. सूसी आणि चूमा हे जुने जाणते पुढारी झाले. त्यांनी पहिल्या काही कामांत एक काम केलं. सगळ्यांना बोलावलं, सगळ्यांसमोर पेट्या उघडल्या आणि लिहिता येणाऱ्या वेनराइटला यादी करायला सांगितलं. ती यादी उपलब्ध आहे. एका पेटीत एक-दीड शिलिंग. दुसरीत टोपी, घड्याळ, मोजमापाची उपकरणं, होकायंत्र. लिव्हिंग्स्टनवर या माणसांचं प्रेम नव्हतं, असं म्हणायची कुणाची छाती आहे? त्यांनी त्याचं हृदय तिथल्याच झाडाखाली पुरलं, वेनराइटने दफनाची प्रार्थना वाचली आणि देह वाळवून, गुंडाळून, नऊ महिने चालत किनाऱ्यापर्यंत वाहून नेला. वाटेत कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. त्याने सल्ला दिला, इथेच पुरून टाका. आणि पेट्यांतली काही उपकरणं स्वतःसाठी काढून घेतली. त्यांनी सल्ला मानला नाही. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता. सूसी आणि चूमाला मात्र कुणी वेळेवर नेलंच नाही. खांदा देणाऱ्यांचा फोटो राहतो, पातेलं वाहणाऱ्यांचा राहत नाही. ते तेव्हाही तसंच होतं.

प्रेम आणि यादी या लोकांनी वेगळ्या काढल्या नाहीत. ज्याच्यासाठी जीव द्यायची तयारी, त्याच्या दीड शिलिंगाचीही नोंद. नोंद सगळ्यांसमोर, कारण उद्या एकमेकांवर संशय यायला जागाच राहू नये. हिशेब मागितला की प्रेम आटतं म्हणणाऱ्यांनी हे जरूर पडताळून पाहावं.

याची दुसरी बाजूही नाशिकच्याच माणसाने दाखवून ठेवली आहे. जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या प्रेमाबद्दल, त्यागाबद्दल शंका घ्यायला जागा नाही; १९१७ साली मिशन सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' भरवणारा हा माणूस पैशासाठी कधीच जगला नाही. पण हाती आलेला पैसा त्यांच्या हातात टिकत नसे, आणि त्याची किंमत घरात कोण मोजत होतं, ते लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहून ठेवलं आहे. वाचताना आपणही हसतो. पण बिनहिशेबी प्रेमाचं बिल नेहमी कुणाच्या तरी नावावर फाटतं, आणि ते बहुधा घरातल्या बाईच्या. मंडळीतही तसंच. 'प्रेमाने चालतंय' म्हणणाऱ्या मंडळीत पाळकाचा पगार तीन-तीन महिने तुंबलेला असतो आणि किराणा दुकानदाराला तोंड द्यायला पाळकीणबाई जातात.

आता जरा वेस्ट्रीत, म्हणजे चर्चला लागून असलेल्या कामकाजाच्या खोलीत, जाऊ. रविवारी अर्पणाच्या थैल्या तिथे टेबलावर उपड्या होतात. नाणी, घडी घालून चौकोनी केलेल्या दहा-दहाच्या नोटा, क्रमांक घातलेली पाकिटं. बरोबर रीत अवघड नाही. मोजणारे दोघे, एकमेकांचे नातेवाईक नसलेले, आणि दर तीन महिन्यांनी बदलणारे. पाळक आणि खजिनदार हात लावणार नाहीत. नोटांच्या दरांप्रमाणे छापील तक्ता भरायचा, पाकिटांची रक्कम क्रमांकाने वेगळी लिहायची, बेरीज अक्षरी, दोन सह्या, दोन प्रती. सोमवारी सगळी रक्कम, सगळीच्या सगळी, बँकेत. भरण्याची पावती तक्त्याला टाचायची. बस. बिघडतं ते कुठे? सगळ्यात जुना रोग म्हणजे थैलीतूनच खर्च भागवणं. वायरमन बाहेर उभा आहे, आठशे रुपये द्यायचेत, फुलवाल्याचे तीनशे, उरलेले जमा. चोरी कुणी केलेली नसते. पण जमाही अकराशेने कमी दिसते आणि खर्चही नाहीसा होतो. पुढच्या वर्षी नवा खजिनदार हेच सगळं नीट लिहायला लागला की लोक म्हणतात, 'याच्या काळात खर्च वाढला.' प्रामाणिक माणूस असा बदनाम होतो. आता नवा रोग आला आहे, दारावर चिकटवलेला क्यूआर कोड. स्कॅन करून पाहावं, नाव ट्रस्टचं येतं की कुणा व्यक्तीचं. 'ट्रस्टच्या खात्याचं काम अडकलंय, तात्पुरतं माझ्या खात्यावर' हे उत्तर दोन-दोन वर्षं तात्पुरतंच राहतं.

कापणीच्या सणाचा लिलाव हा आणखी एक गमतीचा मामला. द्राक्षाची पेटी, कांद्याची गोणी, भोपळा, अंडी, एखादा कोंबडा. उत्साहाच्या भरात नारळावर पाच हजारांची बोली लागते, टाळ्या पडतात, आणि संध्याकाळी माईकवरून आकडा जाहीर होतो तो बोल्यांच्या बेरजेचा. वसूल किती झाले, हे कुणी जाहीर करत नाही. सहा महिन्यांनी अर्धी रक्कम 'येणे' असते आणि येणेकऱ्यांत कमिटीचेच सभासद असतात, म्हणून कुणी तगादा लावत नाही. वहीत दोन रकाने करा, बोलीचा आणि जमेचा, आणि माईकवर दुसराच वाचा. भोपळा देणाऱ्या शेतकऱ्याचा मान याने कमी होत नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सगळ्यात जड वाटतो. आपण मूठभर लोक. घरातली भांडणं धर्मादाय आयुक्तांच्या दारात नेली की बाहेरचे हसतात, आणि आजच्या वातावरणात नुसतं हसून थांबतीलच असं नाही. पौलही १ करिंथ ६ मध्ये भावाने भावाला न्यायालयात खेचण्यावर चिडतो. त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असं विचारतो. हे वचन तक्रारदाराच्या तोंडावर फेकलं जातं. पण त्याच परिच्छेदात पौल आणखी एक प्रश्न विचारतो, तो फेकणारे गिळून टाकतात : भावाभावांतला निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय? न्यायालयात जाणाऱ्याला जशी ती चपराक आहे, तशीच निवाड्याची सोय न करणाऱ्या मंडळीलाही आहे. मत्तय १८ मध्ये तर पायऱ्याच दिल्या आहेत : आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. ज्या मंडळीत तिसरी पायरी, म्हणजे लेखी तक्रार घेऊन ठरावीक दिवसांत लेखी उत्तर देणारी व्यवस्था, अस्तित्वातच नाही, तिथे माणूस पायरी चुकून बाहेर गेला असं म्हणता येत नाही. जिनाच काढून घेतल्यावर तो खिडकीतून उडी मारणार.

शिवाय धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला 'बाहेरचं' म्हणणं हाच एक सोंगाचा भाग आहे. ज्या मंडळ्या नि संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांच्या कमिटीत बदल झाला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. तो दिला जात नाही, किंवा हरलेला गट हरकत घेतो आणि वर्षानुवर्षं तारखा पडतात. नोंदवहीत मग मयत विश्वस्तांची नावं तशीच. बँक नव्या सह्या घेत नाही. वर सांगितलेला 'तात्पुरता' क्यूआर कोड इथेच जन्मतो. मिशनच्या काळात गावाबाहेर असलेल्या जमिनी आज शहराच्या पोटात आल्या आहेत. त्यांची विक्री, अदलाबदल, दान, बिगरशेती जागेचा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा, या सगळ्याला कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. ती टाळायला ११ महिन्यांचा करार वर्षानुवर्षं पुढे ढकलत नेणारे लोकच 'मंडळीची अब्रू चव्हाट्यावर आणू नका' असं सगळ्यात मोठ्याने सांगतात. अब्रू गेली ती तक्रारीच्या दिवशी, की करार दडवला त्या दिवशी?

इथवर पहिल्या बाजूला बोललो, म्हणून दुसरी बाजू सुटली असं कुणी समजू नये. 'पगार आम्ही देतो' हे वाक्य मला तितकंच उद्धट वाटतं. योहान १० मध्ये मेंढपाळ आणि मोलकरी यांत फरक केला आहे; लांडगा दिसला की मोलकरी पळतो. तुम्ही पाळकाला मोलकऱ्यासारखं वागवलंत, तर संकटात तो मेंढपाळासारखा उभा राहील ही अपेक्षा कशाच्या जोरावर? तीन श्रीमंत घरांच्या वर्गणीवर ज्याची चूल पेटते, तो त्या तीन घरांतल्या हुंड्याबद्दल, दारूबद्दल व्यासपीठावरून बोलणार नाही. म्हणून पाळकाचा पगार स्थानिक थैलीतून हातोहात न देता धर्मप्रांताच्या सामाईक निधीतून, ठरल्या तारखेला, बँकेत जमा व्हावा, ही व्यवस्था जिथे आहे तिथे तिला धक्का लागू देऊ नये. हिशेब हा दोन्हीकडून असतो. पाळकाने थैलीचा द्यावा. कमिटीने पाळकाच्या थकलेल्या पगाराचा, भविष्यनिर्वाह निधीचा आणि पावसाळ्यात गळणाऱ्या पाळकगृहाच्या छपराचा.

पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी मला याच कारणासाठी थोडा अवघड वाटतो. बारा जण आधीच सांगून ठेवलेले, घरून पाय घासून आलेले, कोमट पाणी, नवा टॉवेल, समोर मोबाइल. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि मुलींचे, मुस्लिम मुलांचेही पाय धुतले, तेव्हा जगभर खळबळ उडाली, ती उगाच नाही. धुतले गेलेले पाय कुणाचे, यावरच सगळं होतं. २०१६ मध्ये रोमनेच नियम बदलून त्या विधीत स्त्रियांनाही घेता येईल, असं केलं. योहान १३ मध्ये पेत्र आधी नकार देतो. त्याला मालक मालकासारखाच राहायला हवा असतो. आपल्यालाही तसाच हवा असतो का? वर्षातून एकदा पाय धुणारा आणि उरलेले ३६४ दिवस वही न उघडणारा पुढारी मंडळीला चालतो, आवडतोही, कारण त्याने आपल्यालाही वही उघडावी लागत नाही.

बदली झाली की पाळकाचा निरोप समारंभ होतो. शाल, श्रीफळ, भाषणं, डोळ्यांत पाणी. याच दिवशी आणखी एक काम व्हायला हवं, ते क्वचितच होतं : सुपूर्दनामा. बाप्तिस्म्याची, दृढीकरणाची, दफनाची नोंदवही, शेवटच्या नोंदीच्या क्रमांकासह. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालची विवाह नोंदवही. ही गहाळ झाली तर वीस वर्षांनी कुणाच्या तरी पेन्शनचं नि वारसाचं काम अडतं. प्रभुभोजनाचे चांदीचे प्याले किती, हार्मोनियम कुणाकडे, कपाटाच्या किल्ल्या किती, वीजमीटर कुणाच्या नावावर. जाणारा, येणारा आणि कमिटीचे दोघे, अशा चार सह्या. बायबलमधला संदेष्टा शमुवेल म्हातारा झाला आणि त्याने लोकांचा निरोप घेतला, तेव्हा (१ शमुवेल १२) त्याने आधी विचारलं : मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणावर जुलूम केला, कुणाच्या हातून लाच घेतली? सांगा, मी परत करतो. लोक म्हणाले, काही घेतलं नाहीस. मग त्याने परमेश्वराला आणि राजाला साक्षीला ठेवलं, आणि त्यानंतर भाषणाला सुरुवात केली. आपल्याकडे भाषणं आधी होतात, जेवणं होतात, टेम्पोत सामान चढतं, आणि विवाह नोंदवही कुठल्या खोक्यात गेली, हे विचारायला नव्या पाळकाला तिसऱ्या आठवड्यात फोन करावा लागतो.